तीन राज्यांतलं एक जंगल आणि ते सांधून ठेवणारी माणसं



या पानावर आजवर पुष्कळांनी आपापल्या गावचे वाडे, शाळा, नाटक मंडळ्या, वाचनालयं यांविषयी लिहिलंय. इंदूर-बडोद्याकडच्या मंडळींना संस्थानच्या आठवणी आहेत. आम्हा बेळगावकरांकडे राजवाडे नाहीत, खरं (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात) पश्चिमेला गाडीने तास-दीड तासावर एक जंगल आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला जाताना आपण ते खिडकीतून पाहतो, पावसाळ्यात धबधब्यापाशी थांबून फोटो काढतो आणि पुढे निघतो. हे जंगल आज जागेवर आहे ते आपोआप राहिलेलं नाही. ते कुणी राखलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. तेव्हा लेखात थोडा हिशोब येणारच, सांभाळून घ्या.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला कोयना आणि चांदोली. तिथून खाली राधानगरी, आजरा, आंबोली, तिळारी. मग गोव्याची म्हादई, आपल्या खानापूर तालुक्यातला भीमगड, पुन्हा गोव्यातलं मोले आणि शेवटी दांडेली-अणशी, ज्याला २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. राज्यं तीन, खातीही तीन, खरं डोंगराची रांग एकच. माणसाला सीमा दिसते. बेळगावच्या माणसाला तर ती जरा जास्तच दिसते. जनावराला ती ठाऊक नसते.

ही रांग अखंड असण्याला महत्त्व का? वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. नराला तर स्वतःचा इलाखा शोधत लांब जावं लागतं. मधे शेतं, खाणी, रस्ते आले आणि वाट तुटली, तर जंगलाचे तुकडे बेटासारखे उरतात. बेटावरची जनावरं आपसांतच वीण घालतात आणि दोन-चार पिढ्यांत वंश दुबळा होतो. चांदोलीत २०१८ साली आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यात एका नर वाघाचा फोटो मिळाला होता. तोच वाघ २०२० मध्ये काळीच्या जंगलात दिसला. वाघाचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणून ओळख पटली. सरळ रेषेत मोजलं तरी २०० किलोमीटरच्या वरचं अंतर. म्हणजे वाट अजून शाबूत आहे, याची पावतीच त्याने दिली म्हणायची.

आता ही वाट राखली कुणी?

पहिलं नाव घ्यायचं ते गावांचं. आपल्याकडे देवराई म्हणतात, सत्तरीकडे देवाची राय. देवाच्या नावाने सोडलेलं रान, तिथे कोयता लावायचा नाही. गोव्यात बांबरला निरंकाराची राय आहे. रानजायफळाच्या जातीची झाडं पाण्यात उभी, त्यांची मुळं चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली. असं पाणथळ जंगल आता फार थोड्या ठिकाणी उरलंय. ते टिकलं ते देवाच्या धाकाने. दक्षिण गोव्यात वाघालाही देव मानून पूजणारी गावं आहेत.

दुसरं काम सरकारचं. दाजीपूरच्या गव्यांसाठी १९५८ मध्ये अभयारण्य झालं, तेच आजच्या राधानगरीचं मूळ. गोवा मुक्त झाल्यावर १९६०च्या दशकाअखेर मोले, बोंडला आणि खोतीगाव ही अभयारण्यं झाली. खरं मोलेच्या उत्तरेला सत्तरी आणि दक्षिणेला सांगे, ही दोन मोठी रानं उघडीच होती आणि गोव्यातला खनिजाचा धंदा जोरात होता.

ती उघडी जागा भरली १९९९ मध्ये. गोव्यात त्या वर्षी काही महिने राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल होते निवृत्त लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. १९७१ मध्ये ढाक्यात पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीची बोलणी करणारे तेच हे जेकब. निवडून आलेलं सरकार नसतानाच्या त्या थोड्या दिवसांत त्यांनी म्हादई (२०८ चौरस किलोमीटर) आणि नेत्रावळी (२११ चौरस किलोमीटर) ही दोन अभयारण्यं जाहीर केली. नंतर त्यावर बराच आरडाओरडा झाला, खरं अधिसूचना टिकली. त्या दोन सह्यांनी म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव अशी गोव्याच्या पूर्वेकडची सलग पट्टी तयार झाली. आज गोव्याच्या एकूण जमिनीपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा संरक्षित आहे. आम्ही बँकेतले लोक सहीची किंमत जाणतो. या दोन सह्यांची किंमत मी तरी मोजू शकत नाही.

सही झाली तरी राखण रोजच करावी लागते. सत्तरीतल्या केरी गावचे राजेंद्र केरकर हे लोकसंस्कृतीचे अभ्यासक, मराठीत सातत्याने लिहिणारे. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या विवेकानंद पर्यावरण जागृती फौजेच्या मंडळींनी गावोगाव फिरून हे काम केलं. २००९ मध्ये केरीच्या रानात वाघ मारला गेला, ते प्रकरण उजेडात आणण्यात केरकरांचा मोठा वाटा होता. गोव्यात वाघ नाहीतच असं म्हणणाऱ्यांची त्यानंतर पंचाईत झाली. मेलेल्या वाघाने जिवंत वाघांचा पुरावा दिला. पुढे मोलेतून रेल्वेचा दुसरा मार्ग न्यायचं ठरलं. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, कुळे हा आपल्या लहानपणच्या प्रवासाचाच रस्ता. २०२० मध्ये गोव्यातली तरुण पोरं त्याविरुद्ध उठली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

आपल्या बाजूचं भीमगड. किल्ला शिवकालीन म्हणून आपल्याला ठाऊक असतो. शास्त्रज्ञांना मात्र हे रान एका वटवाघळामुळे ठाऊक आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहणाऱ्या या वटवाघळाची नोंद १९१३ मध्ये झाली आणि मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचं नाव त्याला मिळालं. पुढे कित्येक दशकं जगात ही एकच जागा त्याची म्हणून माहीत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. भीमगडला अभयारण्य करा म्हणून बेळगाव-खानापूरची निसर्गप्रेमी मंडळी वर्षानुवर्षं अर्ज करत होती. कॅप्टन नितीन धोंड यांनी तर खाणीखाली जाऊ शकणारी चोर्ल्याच्या माथ्यावरची जमीनच घेऊन राखली. शेवटी डिसेंबर २०११ मध्ये १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य जाहीर झालं आणि म्हादई व काळी यांच्यामधला दुवा कायद्याने पक्का झाला.

महाराष्ट्राने २०२० मध्ये तिळारीला संवर्धन राखीव क्षेत्र केलं. त्याच वर्षी आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड या पट्ट्यांनाही मान्यता दिली. नावं वाचत खालून वर जा, म्हणजे वाघाची वाटच वाचल्यासारखं होईल.

इथवर जमेची बाजू झाली. आता नावेची बाजू, कारण ती सहसा कुणी लिहीत नाही.

१९८०च्या दशकात काही वर्षं मी खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. जंगलातल्या गावांत म्हशींसाठी आयआरडीपीची कर्जं वाटायचो. लहान शेतकऱ्याला पंचवीस टक्के अनुदान, अत्यल्प भूधारकाला तेहतीस टक्के, बाकी कर्ज. म्हशीचा विमा सक्तीचा आणि कानात पितळी बिल्ला. बिल्ला नाही तर विमा नाही, असा साधा नियम. एक गवळी धनगर होते, वयाने माझ्याहून मोठे. त्यांची दुभती म्हैस वाघाने नेली. चार दिवसांनी रानात जे सापडलं त्यात कान नव्हता. विमावाल्यांनी दावा फेटाळला. नुकसानभरपाईचा अर्ज केला तर, जनावर राखीव जंगलात चरत होतं, सबब देय नाही, असं उत्तर आलं. ते शाखेत येऊन माझ्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, म्हस गेली, खरं कर्ज ऱ्हायलंच की."

मी दोन्हीकडे पत्रं लिहिली, स्मरणपत्रं लिहिली, पुन्हा तीच उत्तरं आली. त्यांनी तूप विकून, दुसऱ्याच्या शेतावर राबून कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता भरायला आले तेव्हा मी वाघाबद्दल विचारलं. म्हणाले, "त्येचं बी प्वाट हाय की." त्या माणसाने वाघावर राग धरला नाही. सरकारवरही धरला नाही. वन्यजीव संरक्षणाचा इतिहास लिहिताना देणगीदारांच्या यादीत अशा लोकांचं नाव कुणी घालत नाही, म्हणून मी इथे निनावी का होईना, घालतोय.

आता २०२०च्या जानेवारीत या. म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. वाघाने मारलेल्या गुराच्या मांसात विष घातलं होतं. अटक झाली ती गुरं पाळणाऱ्या गरीब घरातल्या लोकांना. वाघ मारणं हा गुन्हाच आहे, त्यात दुमत नाही. खरं इतकी वर्षं लढून, सह्या करून, कोर्टकचेऱ्या करून राखलेल्या पट्ट्यातलं वाघाचं एक अख्खं कुटुंब गेलं, आणि सुरुवात झाली ती एका घरच्या गुराच्या नुकसानीपासून. पुढे जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला. गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. विरोधाचं मुख्य कारण सांगितलं गेलं ते हेच, की आतल्या लोकांचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण ती माणसं आपलीच आहेत. गवाळी, कोंगळा, पास्तोली, देगाव, आमगाव, कृष्णापूर, तळेवाडी ही मराठी बोलणारी गावं. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. आजाऱ्याला तिरडीसारखं बांधून खांद्यावरून आणायचं. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी बाहेर यायला संमती दिली. प्रत्येक कुटुंबाला दोन टप्प्यांत मिळून १५ लाख रुपये ठरले. कुणी म्हणेल सुटले बिचारे. शाळा, दवाखाना, रस्ता मिळेल, हे खरंच आहे. बाकीच्या गावांत काही जणांना यायचंय, काही जणांना नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने आधी हक्क ठरवायचे आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुणाला हलवायचं नाही, असं स्पष्ट सांगितलंय. ते अक्षरशः पाळलं गेलं पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच. जंगल सांधायला अधिसूचना लागते, न्यायालय लागतं, केरीसारखे कार्यकर्ते लागतात. तितकंच लागतं वेळेवर मिळणारं देणं. गाय गेली तर आठवड्याच्या आत पैसे हातात पडले पाहिजेत, कानातल्या बिल्ल्याची वाट न बघता. गाव उठलं तर दुसरा हप्ता मागायला त्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत. बँकेत थकलेलं कर्ज आम्ही एनपीए म्हणतो आणि त्याची रात्रंदिवस काळजी करतो. जंगलाने आतल्या माणसाचं थकवलेलं देणं मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. ते दिसतं ते गोळावलीसारख्या ठिकाणी.

आणि यात आपला सगळ्यांचा स्वार्थही आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिथून जवळच, देगावच्या रानातून म्हादई निघते आणि पश्चिमेला गोव्याकडे उतरते. हुबळी-धारवाडचा नळ आणि पणजीची मांडवी, दोन्ही याच माथ्याच्या भरवशावर. २०१८ मध्ये लवादाने म्हादईच्या पाण्यातले १३.४२ टीएमसी कर्नाटकाला दिले. त्यावरून अजून भांडण चालू आहे. पाणी वाटून घ्यायला सगळे पुढे, ज्या रानात ते मुरतं त्याचा खर्च वाटून घ्यायला कुणी नाही.

जाता जाता एक विनंती. तळेवाडीसारखी गावं उठतील, तेव्हा त्यांच्या शेतांची, ओढ्यांची, देवरायांची नावंही त्यांच्याबरोबर जातील. तुमच्यापैकी कुणाचं आजोळ, मूळ गाव किंवा कुलदेवता या पट्ट्यात असेल, तर ती नावं घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहा. मी सगळी एका वहीत उतरवून ठेवतोय. आतापर्यंत एक्केचाळीस झाली आहेत.