'मताधिकार गमावला' की 'मताधिकाराला मुकला'?

मतदानाच्या दिवशी यादीत नाव न सापडलेल्या नागरिकाने 'मताधिकार गमावला', असे बातम्यांतून सर्रास लिहिले जाते. हा प्रयोग सदोष आहे. 'गमावणे' या क्रियापदात कर्त्याच्या वर्तनाची सूचना असते. यादीतून नाव गळाले म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. यादीत नाव नसता मत देता येत नाही, एवढाच कायद्याचा दंडक आहे. नमुना ६ भरून पुन्हा नोंदणी करता येते. अशा प्रसंगी 'अनेक रहिवासी मताधिकाराला मुकले' किंवा 'मताधिकारापासून वंचित राहिले' असे लिहावे. 'मुकणे'पूर्वी 'ला' किंवा 'स' येतो, तर 'वंचित'पूर्वी 'पासून'. विशेषण हवे असल्यास 'मताधिकारवंचित नागरिकांनी तहसील कार्यालयात अर्ज दिले' असा समास चालतो, मात्र तो कानाला काहीसा जड वाटतो.

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानुसार गुन्हा किंवा निवडणुकीतील भ्रष्ट आचरण या कारणांवरून कायद्याने मतदारास अपात्र ठरविता येते. तेथे 'गमावणे' आणि 'काढून घेणे' ही क्रियापदे शोभतात. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे उदाहरण मराठी वाचकांस परिचित आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील प्रचारभाषणांवरून 'त्यांचा मताधिकार १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला', हे वाक्य निर्दोष आहे. ही मुदत डिसेंबर १९९५ पासून मोजली गेली आणि डिसेंबर २००१ मध्ये संपली. येथे 'हिरावून घेण्यात आला' असे लिहिल्यास बातमीदाराने निवाडाच दिल्यासारखे होते. 'हिरावणे' हे अन्यायाचे क्रियापद असून ते तक्रारदाराच्या तोंडी असावे: 'आमचा मताधिकार हिरावला, असा आरोप रहिवाशांनी केला.'

सर्वाधिक गल्लत होते ती कैद्यांबाबत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातील व्यक्तीस, मग ती शिक्षा भोगत असो वा खटल्याची वाट पाहत असो, मतदान करता येत नाही. अपवाद केवळ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा. परंतु या मनाईमुळे यादीत नोंदलेली व्यक्ती मतदार म्हणून बाद होत नाही, असा खुलासा २०१३ च्या दुरुस्तीने केला. म्हणून 'कच्च्या कैद्याचा मताधिकार रद्द' हा मथळा चूक. 'कैदेत असल्याने मतदान करता आले नाही' हे बरोबर. तोच आरोपी जामिनावर सुटला आणि मतदानाला गेला नाही, तर 'त्याने मताधिकार बजावला नाही' एवढेच लिहावे.