घरची ट्रंक, नासची पेटी आणि दुसरी प्रत

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका सभासदांनी विचारलं, "घरचे फोटो, कॅसेटी, स्कॅन केलेली कागदपत्रं एका जागी ठेवायला नास घ्यायचा आहे. कुठला घेऊ?" मी इंजिनिअर, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून हे टिपण.

नास म्हणजे घरच्या राउटरला केबलने जोडलेली साठवणीची पेटी. आत दोन-चार हार्ड डिस्क आणि छोटा प्रोसेसर. घरातला संगणक, फोन, टीव्ही सगळे तिच्यातून वाचू शकतात. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, पण मराठी कानाला ते दूध नासल्यासारखं लागतं. तो इशाराच समजावा.

आधी आपल्याकडे ठेवण्यासारखं आहे काय, ते बघू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचं राजधानीपण संपलं आणि भोपाळ राजधानी झालं. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून सरकारी नोकर इथे आले. १९६० साली हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना सुरू झाला, त्यामागे आणखी मराठी घरं आली. माझे वडील नागपूरहून आलेल्या पहिल्या लोकांपैकी. त्यांची पत्र्याची ट्रंक अजून आमच्याकडे आहे. तीत बदलीचा हुकूम आहे, टी. टी. नगरच्या क्वार्टरचा कागद आहे, पणजोबांची मोडीतली पत्रं आहेत आणि गणेशोत्सवातल्या नाटकांचे फोटो आहेत. राजधानी कशी वसली ते सरकारी फायलींत मिळेल. पहिल्या पावसाळ्यात क्वार्टर कसं गळत होतं आणि ज्वारीचं पीठ कुठे मिळायचं, ते अशा ट्रंकांतच मिळतं.

आणि सरकारी फायली तरी कुठे अमर आहेत? १२ जून २०२३ रोजी आपल्याच सतपुडा भवनात तिसऱ्या मजल्यावर आग लागली आणि सहाव्यापर्यंत गेली. हजारो फायली जळाल्या.

माझी स्वतःची चूक सांगतो. आत्याची तीन तासांची मुलाखत मी रेकॉर्ड केली होती. टी. टी. नगरातली सुरुवातीची वर्षं तिच्याइतकी कुणालाच आठवत नव्हती. ती फाइल एकाच बाहेरच्या डिस्कवर होती. डिस्क टेबलावरून पडली. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून परत दिली. तोवर आत्या वारली होती. आता त्या मुलाखतीतलं मला जेवढं आठवतं, तेवढंच उरलं आहे.

जुन्या लोकांना हे कळत होतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. जवळपास तीनशे वर्षांत नकलताना पाठ बिघडले होते. निरनिराळ्या प्रती हाती असल्या तरच चूक कुठे शिरली ते पकडता येतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीही शेकडो हस्तलिखितं पडताळूनच. एकच पोथी असती तर तिच्यातली चूकही खरीच मानावी लागली असती.

आता पेटीकडे येऊ. आधी हिशोब. ए-चार आकाराचं पान सहाशे डीपीआयला रंगीत स्कॅन केलं, तर न दाबता सुमारे १०० एमबी होतं. हजार पानं म्हणजे १०० जीबी. नव्वद मिनिटांची कॅसेट चांगल्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये दीड जीबी. साठ कॅसेटी धरा, ९० जीबी. फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ मिळवूनही बहुतेक घरांचं एक-दोन टीबीत भागतं. म्हणून चार कप्प्यांच्या पेटीचा मोह नको. दोन कप्पे आणि चार-चार टीबीच्या दोन डिस्क पुरेत.

दोन्ही डिस्कवर तेच लिहायचं, याला मिररिंग म्हणतात. ही रेडची एक पद्धत. रेड हे नाव १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधामुळे रूढ झालं. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं. पण नातवाने फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं, आणि आग लागली तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत. म्हणून मिररिंगला बॅकअप समजू नका.

दुकानात तीन गोष्टी विचारा. पेटीची फाइलप्रणाली झेडएफएस किंवा बीटीआरएफएस आहे का? या प्रणाली प्रत्येक तुकड्याची बेरीज जपून ठेवतात, वाचताना ताडून बघतात आणि बिघाड दिसला तर आरशातल्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करतात. नाथांनी केलं त्याच जातीचं हे काम. शिवाय स्नॅपशॉट मिळतात, म्हणजे कालची स्थिती परत आणता येते. दुसरं, डिस्क सीएमआर आहे का? एसएमआर डिस्क स्वस्त पडते, पण एक डिस्क बदलून दुसरी भरताना फार रेंगाळते. तिसरं, यूपीएसची यूएसबी केबल पेटीला लागते का? आपल्याकडे बिजली कधी जाईल सांगता येत नाही. केबल असली की बॅटरी संपण्याआधी पेटी आपणहून नीट बंद होते. टीव्हीवर सिनेमे बघायचे असतील तरच जोरदार प्रोसेसरवर पैसे घाला. आणि पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नका. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने अशाच उघड्या नासांवरच्या फायली कुलूपबंद केल्या होत्या.

यातून वाचलेले पैसे दुसऱ्या प्रतीवर खर्च करा. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने ३-२-१ असा नियम रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. माझ्याकडे एक प्रत नासवर आहे, एक कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर आणि एक नागपूरला चुलतभावाकडे. दर दिवाळीला जाताना नवी डिस्क नेतो, जुनी परत आणतो. १९५६ साली ट्रंक ज्या रुळांवरून इकडे आली, त्याच रुळांवरून तिची प्रत तिकडे जाते.

शेवटचं, आणि हे दुकानदार सांगणार नाही. पेटीचा पासवर्ड आणि कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, हे एका साध्या कागदावर लिहा आणि तो कागद ट्रंकेत ठेवा. आपल्यानंतर मुलं आधी ट्रंकच उघडतील.