कोळंबी अमौसीपर्यंत कशी आली?

आजचा विषय कोळंबी, आणि बोलतोय लखनऊच्या अमौसीतून. अमौसी तुम्हाला विमानतळामुळे माहीत असेल. समुद्र इथून शेकडो कोस दूर, तरी इथल्या फ्रीजरमध्ये सोललेली कोळंबी मिळते. ही आली कुठून?

बर्फ नव्हता तेव्हा किनाऱ्याची कोळंबी आत जायची ती वाळून. सोलून उन्हात सुकवली की सोडे. बारीक, अख्खा सुकवला की जवळा. हा व्यवहार कोळणींच्या हातात होता. सीकेपी घरांतली सोड्यांची खिचडी त्यातलीच. किनारा सोडून गेलेल्या घरांची कोळंबी म्हणजे सोडेच.

मग गोठवण्याचं तंत्र आलं. १९५३ साली कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला गेली आणि ती डॉलर मिळवणारा माल झाली. पुढे किनाऱ्यालगत तळी खोदून टायगर कोळंबीची शेती वाढली. १९९४च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तळीच्या तळी रिकामी केली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या या शेतीला लगाम घातला. २००५ मध्ये तिच्यासाठी कायदा झाला आणि २००९ मध्ये व्हनामी जातीला परवानगी मिळाली. ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. आज आंध्र प्रदेश तिचं आगर आहे. अमौसीतलं पाकीट बहुधा तिचंच.

म्हणून पाकीट घेताना डोळे उघडे ठेवा. आत बर्फाचा चुरा साचला असेल, कोळंब्यांचा एकच गोळा झाला असेल, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो. उग्र वास आला तर घेऊ नका. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवा, पाठीवरचा काळा धागा काढा, हळद-मीठ लावा. आधी कांदा-मसाला नीट शिजवा, कोकम घाला, कोळंबी अगदी शेवटी. तीन-चार मिनिटांत ती गुलाबी होऊन वळते. तिथेच गॅस बंद. पुढे शिजवली की रबर होते.

पाकिटाला माझा विरोध नाही, मीही आणतो. पण त्याची सवय लागली की सोडे आपोआप मागे पडतात, आणि त्यांच्याबरोबर ते सुकवणारे हातही. किनाऱ्याकडे गेलात तर कोळणीकडून पावशेर सोडे घ्या. कोमट पाण्यात भिजवून वांग्या-बटाट्यात टाका. विमानतळ नव्हते, तेव्हाही आपली कोळंबी प्रवास करतच होती.