जोंधळ्याच्या मुलखात गोळीतला गहू

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलेला धारवाड जिल्हा खाण्याच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या जोंधळ्याचा मुलूख राहिला आहे. हुबळी-धारवाडच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीत रब्बीचा जोंधळा आणि कापूस पिकत आला. गहूही होई, पण त्यातला खपली गहू लग्नकार्यात आणि जत्रेत हुग्गी नावाच्या गोड खिरीसाठी राखला जाई आणि रोजच्या ताटात जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरीच पडे. सीलिएक या आजाराच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात, आणि ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. भारतातील प्रौढांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या आजाराची सूचक प्रतिपिंडे रक्तात असणाऱ्यांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्का आढळले. आनुवंशिक प्रवृत्ती मात्र तिन्ही भागांत जवळपास सारखीच होती. खरी तफावत गव्हात होती, कारण उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम भरला.

ज्या मुलखात ताटातलाच गहू बेताचा, तेथे औषधातल्या गव्हाची चौकशी कोण करणार? प्रत्यक्षात औषध आणि धान्याचे पीठ यांचा संबंध फार जुना आहे. यंत्राने दाबलेली गोळी सर्रास मिळू लागण्यापूर्वी कंपाउंडर, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून देणारा मदतनीस, गोळ्या हाताने वळत असे. औषधाची पूड चिकट द्रव्यात मळून लगदा करायचा, त्याची लांब वळी करायची, फरशीवर तिचे सारखे तुकडे पाडायचे आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरून कोरडी पूड भुरभुरायची, असे हे काम होते. तेलकट औषधाचा लगदा जमत नसे तेव्हा त्यात पावाचा चुरा मिसळण्याची रीत पाश्चात्त्य औषधशाळांत होती; कडू पूड गिळता यावी म्हणून ती पिठाच्या पातळ पापुद्र्यांच्या पुडीत बंद करून देत, आणि हे पापुद्रे तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाचे असत.

विल्यम ब्रॉकडन याने १८४३ साली पूड साच्यात दाबून गोळी करण्याच्या पद्धतीचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले आणि पुढे हाताचे काम यंत्राकडे गेले, पण धान्य गोळीतून गेले नाही. काही मिलिग्रॅम औषधाला चिमटीत धरता येईल एवढा आकार द्यायचा तर भर घालावी लागते, आणि ती गोळी पोटात फुटून विरघळावी म्हणून पाणी शोषून फुगणारे द्रव्य लागते. स्टार्च ही दोन्ही कामे स्वस्तात करतो. स्वतः औषध नसलेल्या अशा पूरक द्रव्यांना औषधनिर्माणशास्त्रात एक्सिपियंट म्हणतात. भारतीय औषधकोशाच्या व्याख्येत स्टार्च मका, तांदूळ, गहू, बटाटा किंवा टॅपिओका यांपैकी कशाचाही चालतो. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात तेव्हा चोथा वेगळा होतो, तरी चिकात थोडे प्रथिन राहतेच. कारखान्यातल्या गव्हाच्या स्टार्चचेही तसेच आहे. युरोपीय औषधकोशाने त्या प्रथिनाची मर्यादा ०.३ टक्के ठरवली आहे, म्हणजे गोळीत अशा स्टार्चची १०० मिलिग्रॅम भर असली तरी प्रथिन ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसते. ग्लुटेनमुक्त अन्नासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा मान्य आहे, त्या हिशेबाने ३० ग्रॅम ग्लुटेनमुक्त पदार्थातून ०.६ मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन पोटात जाऊ शकते. तेव्हा गोळीची भीती बहुतेक वेळा गोळीतल्या गव्हापेक्षा मोठी असते, असेच म्हणावे लागेल. त्यातच भारतात औषधांसाठी मक्याचा स्टार्च मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यातच असलेला हावेरीचा भाग आज मक्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाकला मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखाना आहे.

तरीही गोळीतला स्टार्च कोणत्या धान्याचा, याचा वेष्टनावर बहुतेकदा पत्ता लागत नाही, आणि त्यामागे कालक्रम आहे. औषधांचा कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. गव्हामुळेच हा आजार बळावतो हे विलेम डिक या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या प्रबंधात दाखवले. त्यामुळे मूळ औषधाचे नाव व प्रमाण, उत्पादक आणि मुदत यांची नोंद मागणाऱ्या नियमकर्त्यांना भरीच्या द्रव्याचे कूळ विचारण्याचे कारणच नव्हते. तेव्हाचे ते मौन क्षम्य होते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला तेव्हा त्यातही एक्सिपियंटांचा रकाना नव्हता, हे तितके क्षम्य नाही.

निदानाचाही असाच कालक्रम आहे. हुबळीत कर्नाटक मेडिकल कॉलेज १९५७ साली सुरू झाले, आणि आतड्याच्या अस्तराचा तुकडा शस्त्रक्रियेविना काढणारी क्रॉस्बीची कुपीही त्याच वर्षीची. पण साध्या रक्ततपासणीने संशयित रुग्ण निवडणे १९९७ नंतर अधिक सोपे झाले. त्यानंतर निदान झालेल्यांपुढे देशी औषधांचाही प्रश्न उभा राहिला. हिंग्वाष्टक चूर्णात हिंग असते आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. खपलीबाबतचा गैरसमज याहून जास्त धोक्याचा आहे: धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके मालिकेतील वाण देऊन जिवंत ठेवलेला हा गहू आरोग्यदायी म्हणून विकला जातो, परंतु त्यातही ग्लुटेन असते.

औषधाच्या दुकानदाराला गोळीतल्या स्टार्चचे धान्य ठाऊक असण्याचे कारण नसते; उत्तर उत्पादकाकडेच असते आणि तेही त्याच्या त्या काळच्या पुरवठादारापुरते. सरकारी रुग्णालयात निविदेनुसार, तर दुकानात साठ्यानुसार कंपनी बदलते. सीलिएकसोबत थायरॉइडचा विकारही अनेकांना जडतो आणि थायरॉक्सिन रोज घ्यावे लागते. अशा रुग्णाला नवी बाटली हाती आली की तिच्यावरचे उत्पादकाचे नाव जुन्या बाटलीशी ताडून पाहावे लागते, आणि ते निराळे निघाल्यास चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.