साष्टीची हरणे कोणी राखली?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज चितळ, सांबर, भेकर दिसतात. त्याचे श्रेय आपण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला देतो. मला त्याआधीचा इतिहास अधिक महत्त्वाचा वाटतो. साष्टीच्या या डोंगरांत मुंबईला पाणी पुरवण्यासाठी १८६०मध्ये विहार आणि १८७९मध्ये तुळशी तलाव तयार झाला. पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालचे रान राखले गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ची. तिच्या नियतकालिकात शिकारी साहेबही प्राण्यांच्या नोंदी लिहीत. त्यांनी जनावरे बंदुकीने टिपली आणि कागदावरही टिपली. हरणांचा आसरा मात्र शहराच्या तहानेने टिकवला. रान उरले, म्हणूनच पुढे कायद्याला वाचवण्यासाठी हरणे शिल्लक होती.