हाजींचे कागद आणि जेद्दाचा डॉक्टर

सातपुड्याच्या पायथ्याचे संग्रामपूर. गावाला रेल्वे नाही. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडच्या मुसलमानाला हजचा रस्ता जवळचा झाला. बैलगाडीने शेगाव किंवा नांदुरा गाठायचे, तिथून मुंबई, पुढे आगबोट. निघताना 'कहा-सुना माफ' करून घ्यायचे, कारण माणूस परत येईलच याची खात्री नसे.

ही भीती उगीच नव्हती. कित्येक गरीब हाजी जाण्यापुरते भाडे जमवून निघत आणि परतीच्या पैशांअभावी जेद्दात अडकून पडत. त्यांचा वाली कोण? १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने रयतेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन दिले होते. त्याचीच ढाल करून सरकार अंग काढून घेई. मात्र १८६५ साली मक्केतला कॉलरा युरोपात पोहोचला आणि हाजींकडे सर्वांचे लक्ष गेले. खरे सांगायचे तर काळजी हाजींपेक्षा साथीची अधिक होती.

तरीही या कारभारात एक माणूस वेगळा निघाला. डॉ. अब्दुर रज्जाक हे हिंदी मुसलमान डॉक्टर. १८८२ साली जेद्दाच्या ब्रिटिश वकिलातीत ते व्हाइस कॉन्सल झाले. हाजींच्या हालअपेष्टा त्यांनी स्वतः पाहिल्या आणि सरकारला लिहून कळवल्या. तेही सरकारी नोकरच होते, हे विसरता येत नाही. पण परदेशात आजारी पडलेल्या वऱ्हाडी म्हाताऱ्याला आपल्या दीनाचा, आपल्या मुलखाचा हाकीम भेटणे ही लहान गोष्ट नव्हती. १८९५ च्या मे महिन्यात जेद्दाच्या वेशीबाहेर बदूंच्या हल्ल्यात ते मारले गेले.

दरम्यान १८८६ साली हाजींच्या प्रवासाचे काम थॉमस कुक कंपनीला दिले होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. पुढे १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली. गरिबाची हज यामुळे अडली, हे मान्य केले पाहिजे. पण जेद्दात उपाशी पडण्यापेक्षा ते बरे, असे मला वाटते.

आणि घरी खुशाली कळायची कशी? वाटेतल्या एडनला १९३७ पर्यंत हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. तिथून टाकलेल्या पत्रावर आपलेच तिकीट असे. जेद्दाची गोष्ट निराळी. तिथे मुलूख परका, टपालही परके.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी खास नोटा काढल्या. १९९५ साली आगबोटींची हजवारी संपली. हाजींसाठी साध्या पासपोर्टहून वेगळा 'पिलग्रिम पास' होता, तोही २००९ पासून गेला. आता संग्रामपूरच्या शेतमजुराला इतरांसारखाच पासपोर्ट लागतो. २०१७ पासून देशातल्या काही टपाल कचेऱ्यांतही त्याचे अर्ज घेतले जाऊ लागले. तयार झालेला पासपोर्ट टपालानेच घरी येतो. पोस्टमन ओळखपत्र पाहतो आणि ज्याचा त्याच्याच हाती देतो.