दहा इंचांचे अंतर आणि बांधीतील पाणी

जपानी पद्धतीच्या भातशेतीचा इतिहास सांगताना बहुधा रोपांतील अंतराचाच निर्देश होतो, पाण्याच्या खोलीचा होत नाही. वस्तुतः ही दोन प्रमाणे परस्परावलंबी आहेत.

१९५३ मध्ये या पद्धतीची देशव्यापी मोहीम सुरू झाली. तिचे पुरस्कर्ते, तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख, हे वऱ्हाडचे. म्हणजे कापूस-ज्वारीच्या मुलखातले. लोणारनजीकच्या सुलतानपूरसारख्या गावाला भाताच्या लावणीचा हा वाद परकाच वाटावा. विदर्भाच्या पूर्वभागात, भंडारा व चांदा या जिल्ह्यांत, मात्र तो पोटापाण्याचा प्रश्न होता.

गादीवाफ्यावर थोड्या बियाण्यात जोमदार पऱ्हे तयार करावे, खत भरपूर द्यावे, दोरी धरून दहा दहा इंचांवर चूड लावावेत आणि ओळींतून कोळपणी करावी, असा हा उपदेश होता. या हिशेबाने चौरस मीटरला साधारण १५ ते १६ चूड बसतात. चुडांची ही उणीव फुटव्यांनी भरून निघावी, ही त्यामागील अपेक्षा. परंतु फुटव्यांच्या काळात बांधीत दोन ते पाच सेंटीमीटर पाणी हवे. पाणी खोल साचले की फुटवे मंदावतात. अगदी आटले की तण माजते. ज्याच्या हाती पाणी नाही, त्याने दाट रोवणी केली तर ती अडाणीपणाची खूण म्हणता येणार नाही. तो विमाच होय.

पूर्व विदर्भात हे पाणी तलावांचे होते. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या व्यवस्थेखाली होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे इष्टच झाले. पण तिच्याबरोबर पाळीची व दुरुस्तीची जुनी घडीही विस्कटली. अंतराचा नियम आला तो नेमका अशा वेळी! शिवाय उंच वाढणारे देशी वाण भरपूर खताने लोळत. ठेंगणे वाण आले ते १९६० नंतरच्या दशकात.

कोकणात प्रसार पावलेल्या डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत १५ व २५ सेंटीमीटर अशी आळीपाळीची अंतरे आहेत. त्यामुळे चौरस मीटरला २५ चूड बसतात, आणि दर चार चुडांमध्ये खताची गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचली जाते. तीही खाचरात पाणी उथळ असेल तरच.